शेपटीवरची मोगरी

३ एप्रिल १९५४
पोहोचलो एकदाचा! तरंगत्या बर्फावर दोन तंबू, एक लष्करी विमान आणि आमची चौकडी: कप्तान रोदिओन ल्वोविच, नकाशावाला वेन्यामिन, मेकॅनिक तिखोनकाका आणि मी, नवखा रेडिओवाला ओसिप. थंडी उणे अडतीस. काकांनी आल्याआल्या स्वतःचे नमद्याचे, जाड दाबलेल्या लोकरीचे बूट मला दिले. म्हणाले, पोरा, बोटं गळली तर तारायंत्र काय नाकाने बडवशील? लाख माणूस!

५ एप्रिल
नव्याचं खरं काम कळलं. विमानाला चाकांऐवजी स्की आहेत, त्या बर्फाला चिकटतात. इंजिनं गरजली की खाली उभं राहून शेपटीला लाकडी मोगरीचे ठोके द्यायचे. दोन, थांबून दोन. विमान सुटलं की धावत जाऊन दोरशिडी पकडायची. ते थांबत नाही, थांबलं की पुन्हा चिकटतं. आज काकांनी मला कॉलर धरून आत ओढलं. सगळे खो खो हसले. मीही.

९ एप्रिल
मोगरीच्या दांड्यावर दोन नावं कोरलेली दिसली. ग्लेब, स्तेपान. काका म्हणाले, तुझ्याआधीचे रेडिओवाले, बदली झाली, मजेत आहेत. पण माझ्या झोपपिशवीच्या तळाशी स्तेपानच्या लेकीचा फोटो सापडला. असा फोटो मागे ठेवून कोण जातं?

१२ एप्रिल
धावपट्टीला भेग पडली. निम्मीच उरली. कप्तान म्हणतो, एवढ्यात उडायचं तर वजन उतरवा. पिंपं, चूल, एक तंबू इथेच टाकायचे. वेन्यामिन वजनांची बेरीज करतो, माझी नजर टाळतो. काकांना सरळच विचारलं, मला सोडून जाणार नाही ना? वेडा की काय, म्हणाले, शिडी माझ्या हातात असेल.

मोगरीवर तिसरं नाव आहे. ओसिप. भुसा अजून ताजा.

१३ एप्रिल
ठोके दिले. धावलो. शिडीला बोटं लागली — आणि काकांनीच ती वर ओढली. मला नाही. शिडी. रडत होते. रडतोस काय मेल्या! तुझ्यावर विश्वास ठेवला होता मी —

१४ एप्रिल
चूल विझतेय. बूट त्याचेच. काढून फेकवत नाहीत.
बाहेर ठोके. दोन, थांबून दोन. विमान नाही. मोगरी तर माझ्या मांडीवर —

१५?
ठोके खालून. बर्फाखालून. दोघं आहेत. एक म्हणतो, मलाही त्याने बूट दिले होते —

भेग तंबूत आली. तिच्यातून दोरशिडी वर येतेय. ओली. म्हणताहेत, धर पोरा, आम्ही नाही सोडणार —

खरंच सोडणार नाहीत. मी हात