पेंढ्यातली केळ आणि ईस्ट कोस्टचा फ्लॅट

मी, ज्ञानेश्वर काशिनाथ भिसे, राहणार ईस्ट कोस्ट, सिंगापूर, धंदा ऑफिसांना कुंड्या भाड्याने देणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, कान तर त्याहून तल्लख. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावे.

१. धंदा, व्हॅन आणि कुंड्या धाकटी कन्या कादंबरी हिला. हा धंदा मी एका झारीवर उभा केला. झाडांना पाणी घालणाऱ्या माणसादेखत साहेबलोक काहीही बोलतात. कोणतं ऑफिस कुठे हलणार, हे मला तिथल्या मॅनेजरआधी कळायचं.

२. बँकेतली शिल्लक व माझी पत्नी कै. मधुमती हिचे दागिने थोरली कन्या अनुया, मुक्काम एडिनबरा, हिला एकटीच्या नावे. तिचे यजमान प्रबोध यांची सही कुठेही लागू नये, अशी तजवीज वकिलांनी करावी.

३. केळीविषयी. अनुयाच्या बाळंतपणाला गेली असता मधुमतीने तिच्या परसात केळ लावली. इथे जगणार नाही, असं शेजारी म्हणाले. तिने थंडीआधी पानं छाटली, खोडाभोवती जाळी उभारून आत कोरडा पेंढा दाबून भरला, वर पत्रा ठेवला. वसंतात नवी सुरळी आली. पुढच्या वर्षी मधुमती गेली. अनुयाने केळ दर हिवाळ्यात तशीच जगवली. बुडातून फुटलेले तीन मुनवेही चांगले उंच झाले.

गेल्या डिसेंबरात प्रबोध यांनी प्रमोशनचा सत्यनारायण घातला. चौरंगाला खांब मिळेनात. अनुया बाहेर गेलेली पाहून त्यांनी पेंढा उपसला, मूळ केळीसकट तिन्ही मुनवे जमिनीलगत कापले आणि कंद उघडे टाकले. ते गोठले. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "बाबा, यंदा थंडीच फार होती हो."

मग फोन बंद झाला असं समजून अनुयाला म्हणाले, "म्हातारा आता केळीचं सुतक पाळेल. पाळू दे. फ्लॅट कुठे जातोय?"

अनुया म्हणाली, "तू कापलीस ती. आईची होती."

त्यावर ते हसले. फोन बंद झाला नव्हता.

४. ईस्ट कोस्टचा फ्लॅट प्रबोध यांनाच. अट अशी: येत्या वसंतात त्यांनी परसात केळ लावावी आणि मी जिवंत असेपर्यंतचा प्रत्येक हिवाळा, शिवाय माझ्यानंतरचा एक, स्वतःच्या हातांनी तारून न्यावी. माळी लावला, घरात आणून ठेवली किंवा गुपचूप बदलली, तर अट मोडली. निवाडा अनुयाचा. आमच्या घराण्यात माणसं नव्वदी सहज ओलांडतात, हे त्यांच्या माहितीसाठी.

अट मोडल्यास फ्लॅट त्यांचे साडू, म्हणजे कादंबरीचे यजमान सुयश यांना. सुयश यांनी तिथे सत्यनारायण घालावा आणि विमानाचं तिकीट पाठवून प्रबोध यांना मानाने जेवायला बोलवावे.

५. या मृत्युपत्राची प्रत प्रबोध यांना आजच रवाना होत आहे. पेंढा ओला राहिला तर खोड आतून कुजतं आणि वसंतापर्यंत कळत नाही. त्यांची झोप उडावी म्हणून मुद्दाम लिहिलं.

६. माझे अंत्यसंस्कार दोघी मुलींनी मंडाईच्या स्मशानभूमीत करावेत. मी थंडीच्या तोंडावर गेलो, तर प्रबोध यांनी येऊ नये. घरी थांबून केळ गुंडाळावी.

वाचून, उमजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

ज्ञानेश्वर काशिनाथ भिसे
सिंगापूर, ११ मार्च २०२५

साक्षीदार:
निशिकांत करमरकर, चोआ चू कांग
सविता दळवी, पासिर रिस