चिलीतली सकाळ

कलकत्ता, रविवार, फेब्रुवारी १९५४

घरच्या वायरलेसवरून पाच खंडांशी बोलून झालंय, दक्षिण अमेरिका तेवढी राहिलीय. आज दिवेलागणीला चिलीतला एकजण ऐकू आला. म्हणाला, "इथे सकाळ होतेय." खिडकीबाहेर बागबाजार अंधारत होता आणि कानात कुणाची तरी सकाळ! मी ऐकतच राहिलो. तो आपली संकेताक्षरं, म्हणजे त्याच्या वायरलेसची ओळख, सांगू लागला आणि आवाज विरला. अर्धीच मिळाली; पूर्ण नसतील तर बोलणं धरलं जात नाही. उरलेली अंदाजाने लिहावीत? कुणाला कळणार? हात धजला नाही. नोंद कोरीच ठेवली.

कुसुम चहा घेऊन आली. बायकोला काय सांगणार?

"आज कोण भेटलं हो? काय म्हणालं?"

"चिलीतला एकजण. तिकडे सकाळ होतेय म्हणाला."

ती खिडकीशी जाऊन बाहेरचा अंधार बघू लागली. मग म्हणाली, "उद्या वायरलेस लावाल तेव्हा मला हाक मारा."

लग्नाला अकरा वर्षं झाली. असं कधी म्हणाली नव्हती.