चादरीचं दुसरं टोक

बाई, ज्या वयात तुम्ही गेलात त्यापेक्षा मी आता मोठी आहे. तरी तुम्हाला लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते. मी मस्कतला असते. कुरुममधल्या एका संस्थेत फ्रेंच शिकवते आणि विद्यार्थी मला टरकून असतात. ते तुमच्याकडूनच आलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून जे झालं ते झालं तसं सांगते.

फ्रान्समधल्या ज्या खेड्यात तुम्ही तरुणपणी एक हिवाळा काढलात, ते आम्हाला आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ होतं. फ्रेंचमधला भूतकाळ शिकवायचा असला तरी तुम्ही त्याच गावात न्यायचात. चर्चवरून खाली उतरलं की गावाची पावाची भट्टी, भट्टीमागे धुण्याची जागा. वर दगडी पाट्यांचं छप्पर, खाली वाहतं पाणी, काठाने गुडघे टेकून धुवायचे तिरके दगड. पाणी बाहेर पडतं तिथे एकच दगड वेगळा, कोपरा तुटलेला. त्यावर फक्त मेलेल्या माणसाची चादर धुवायची. "धुक्यातल्या सकाळी शेवटच्या दगडावर एक म्हातारी चादर धूत होती." हे वाक्य तुम्ही आमच्याकडून किती वेळा लिहून घेतलंत! एकदा मी विचारलं, "मग ती काय म्हणाली, बाई?" तुम्ही फळा पुसायला घेतलात. "क्रियापदाकडे बघ. नको त्या चौकशा कशाला?"

गेल्या हिवाळ्यात संस्थेतल्या एका मूळच्या फ्रेंच शिक्षिकेबरोबर मी निझवाच्या वरच्या अंगाला एका डोंगरी गावात गेले होते. निम्मं गाव ओस, मातीची घरं ढासळलेली. पण फलज, म्हणजे डोंगरातून खोदून आणलेला पाण्याचा पाट, अजून वाहतो आहे. तिथला एक म्हातारा हिंदीत सांगत आमच्यापुढे चालला होता. "ऊपर पीने का पानी. इधर नहाने का. नीचे मय्यत धोने का. खलास." माझी सोबतीण म्हणाली, आमच्या गावातही असा शेवटचा दगड होता म्हणे, आणि तिने गावाचं नाव सांगितलं. तुमचंच गाव, बाई. मला इतका आनंद झाला की मी छपरापासून तुटक्या कोपऱ्यापर्यंत सगळं घडाघडा सांगून टाकलं. ती पाटाच्या कडेला बसली. तुम्ही तिथे कधी होतात, हे तिने मला पुन्हा पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "माझी आजी लहान असताना दरड कोसळली, मादाम. ती जागा गाडली गेली. वरून रस्ता गेला. तुमच्या बाई तेव्हा जन्मल्याही नसतील."

नवरा सोहारहून सुट्टीला आला तेव्हा त्याला हे सांगितलं. तो जेवता जेवता हसला. "अगं, तुझ्या बाई कुठल्या जातायत फ्रान्सला! पुस्तकातून उचललं असणार. तुम्ही पोरी काय, मास्तरीण म्हणेल ते खरं." मी त्याच्या ताटात पोळी जरा जोरातच टाकली. पण झोप गेली, बाई. मी जे काही उभं केलं ते तुमच्या शब्दावर. तुम्ही थाप मारली असेल तर ते सगळंच पोकळ. थाप नसेल, तर तुम्ही जे पाहिलंत ते काय होतं?

तेवढ्यात फ्रान्समधल्या त्या गावाने तो रस्ता हलवून धुण्याची जागा मोकळी करायला घेतली. जुना फोटो कुणाकडे नव्हता. सोबतिणीने माझ्याकडे चित्र मागितलं. पडताळल्याशिवाय मी विद्यार्थ्याला साधा शब्दार्थही सांगत नाही, तरी मी चित्र काढून दिलं. परवा अल खौदला ती माझ्या घरी आली आणि चपला न काढताच फोन पुढे केला. माती उपसलेली, तिरके दगड ओळीने, आणि पाण्याच्या तोंडाशी तो एकटा. कोपरा तुटलेला. मी काढला होता त्याच बाजूने.

"त्या धुणाऱ्या म्हातारीने तुमच्या बाईंना पिळायला दिली का चादर?" तिने हळूच विचारलं. "आजी सांगायची, टोक हातात दिलं तर नाही म्हणायचं नाही. ती फिरवते त्याच बाजूला फिरवायचं. उलटं पिळलं की तिचं काम होतं, आणि आपण संपलो."

मला तुमचं परसदार दिसतं आहे. परीक्षा संपली आहे, मी पेढे घेऊन आले आहे, तुम्ही ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात देता. मी नेहमीसारखा पीळ घालते. तुम्ही ओरडता, "उलटं नाही! मी फिरवते तिकडेच." चादर नुसती गोल फिरते, पाण्याचा थेंब गळत नाही. मी म्हणते, "बाई, अशाने ती वाळायची कधी?" तुमचा चेहरा पांढरा पडलेला. "कुणीही टोक दिलं तरी असंच करायचं. लक्षात राहील ना?" मला वाटलं, बाई थकल्या.

तुम्ही खोटं बोलला नव्हतात. आता यापुढे मला तुमच्यावर शंका घेता येणार नाही, आणि हे मला जड जातं आहे. वसंतात त्या जागेत पुन्हा पाणी सोडणार आहेत. ती जागा पूर्वी होती तशी ठाऊक असलेली मीच एक उरले, म्हणून मला मानाने बोलावलं आहे. काल मी नवऱ्याला चादर धरायला लावली. "यल्ला, फिरव," तो म्हणाला. मी मनाशी ठरवून फिरवलं, तरी हात उलटेच गेले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. फरशीवर पाण्याचं थारोळं झालं आणि तो हसत सुटला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. गावाला मी कळवलं आहे की येणं जमणार नाही, माझे गुडघे धरलेत. बाई, माझे गुडघे ठणठणीत आहेत.