आनारकान-आपाची माफी

१२ सप्टेंबर, गुरुवार

गाय वाचली! आनारकान-आपाच्या मांडीचं हाड मोडलं.

काराकोल शहरातल्या बाजारातून परतत होतो. यांची कंबर धरली होती. म्हणाले, "पुढे रस्ता सरळ आहे, रिकामा आहे, घे तू." बागेमागच्या वाटेवर चारदा व्हॅन चालवली असेल मी, तेवढ्यावर बसले. लायसन्स नाही, काही नाही. कालव्याच्या वळणावर ऊन डोळ्यांत आलं — समोर गाय. चाक फिरवलं. गाईच्या पलीकडे दोरी धरून आमच्या गावची आपा चालली होती. दिसलीच नाही.

सफरचंदं तोडणारी माणसं धावत येईपर्यंत यांनी मला शेजारच्या जागेवर ढकललं होतं. "तू गप्प. मी चालवत होतो." मग सगळं नीट केलं. अँब्युलन्स बोलावली, आपाला कुणाला हलवू दिलं नाही, तिच्या अंगावर स्वतःचा कोट घातला. पोलिसालाही नीट सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी मान डोलावली.

एकदाच.

१३ सप्टेंबर

नमाजाला उभी राहिले. कितवी रकात ते दोनदा विसरले.

२३ सप्टेंबर, सोमवार

आपाला प्लास्टर घालून घरी आणलंय. रीतीप्रमाणे आज माफी मागायला गेलो — हे, थोरले दीर, गावातले दोन वडीलधारे आणि मी. हिवाळ्यासाठी राखलेली मेंढी नेली, सहा नान नेले.

आपाचा मुलगा मेदेर. त्याने सलाम घेतला नाही. "बारा वर्षं गाडी हाकतोस जूमार्त, डोळे काय खिशात ठेवले होतेस?"

हे खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी."

"तू गप रे," आपा पलंगावरून मुलावर ओरडली. "तू दारू पिऊन घोड्यावरून पडतोस, तेव्हा मी विचारते का डोळे कुठे होते?" वडीलधारे हसले. मग तिने नानचा तुकडा मोडून यांच्या हातात दिला. "खा. माफ केलं तुला. इथेही आणि तिथेही." तक्रार नाही अशा पोलिसांच्या कागदावर सही केली.

मी दारापाशी चहा ओतत होते. तुकडा तिने एकच मोडला.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "सुटलो."

१ ऑक्टोबर

मशिदीतल्या मौलवींना विचारलं. दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं — हेही खोटंच! एकीच्या हातून दुखापत झाली, माफी तिच्या माणसाने मागितली, ती मिळाली. मग?

"बाई, तुझ्या नवऱ्याने औषध घेतलं तर तुझा ताप उतरतो का?" म्हणाले. "माणसाचा हक्क माणसानेच सोडायचा असतो. त्यात अल्लाही मध्ये पडत नाही."

'एकीच्या' म्हटलं होतं मी. त्यांनी 'तुझा' म्हटलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

रोज सकाळी आपाच्या गाईची धार काढते, मांसाचा रस्सा, शोर्पो, करून ठेवते. ती माझा हात धरून दुआ देते. "नवऱ्याचं पाप बायको फेडते बघा," शेजारणींना सांगते. "अशी सून मिळायला पुण्य लागतं." घशाशी आलं होतं. इतक्यात मेदेर आत आला. गिळलं.

यांच्या व्हॅनमध्ये आता कुणी बसत नाही. बाजाराच्या थांब्यावर बायका यांना सोडून मागच्या गाडीत चढतात. एक जण तर तोंडावर म्हणाली — "आमच्याकडे लेकरंबाळं आहेत हो."

मी म्हटलं, सांगून टाकते. हे चिडले. "मग मी खोटा ठरेन, तू आत जाशील. दोन हिवाळे जाऊ दे, लोक विसरतात." रागावूनही माझ्या ताटलीत मांस वाढलं. त्याने जास्तच टोचलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. उद्या मेदेर बाजाराला जाणार, आपा एकटीच असेल. यांना सांगितलेलं नाही. माझ्या हाताचा नान नेणार. हाकललं तरी चालेल.

२० ऑक्टोबर

नान घेऊन गेले. अंगणात माणसं होती, मयतासाठी युर्त, लोकरीचा तंबू, उभारत होती. आपा पहाटे गेली. रक्ताची गुठळी छातीत अडकली म्हणतात.

नान कुणीतरी माझ्या हातातून घेतला, पाहुण्यांच्या जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज जनाजा. मेदेर पुरुषांपुढे उभा राहून म्हणाला, "आईने कुणाचा हक्क बुडवला असेल तर माझ्याकडे मागा. आईचा कुणी बुडवला असेल, तर तिच्या वतीने मी सोडला." युर्तमध्ये सगळ्या बायका आमीन म्हणाल्या. तेवढं आमीन म्हटलं असतं तर मीही सुटले असते, कुणाला कळलंही नसतं.

उठले. बाहेर पुरुषांत गेले. सांगितलं.

मेदेर म्हणाला, "मोठ्याने सांग. मागच्यांना ऐकू आलं नाही."

परत सांगितलं.