कुलपाखालची पाटी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी चारच अंगे सध्या वाकतात, उरलेली चार डॉक्टरांनी परवानगी दिली की रुजू होतील.) तुझा गुडघा काय म्हणतो? जावईबापूंचे घोरणे कमी झाले, की तुझ्याच कानांनी माघार घेतली? इकडे आम्ही सारे ठीक. तुझ्या भाचेसुनेने माझ्याशी बोलणे कमी केले आहे, पण त्यामुळे घरात वाचनाला शांतता असते.

आधी एका घोर अन्यायाची नोंद घे. जुने कागद हाताळताना सुती हातमोजे घालावेत असा शास्त्रार्थ आहे, म्हणून आमच्या संग्रहालयाने मोठ्या मनाने हातमोज्यांची एक जोडी घेतली. हात घालणारे दोघे: अभिलेखपाल (म्हणजे मी; मानद, म्हणजे फुकट) आणि सचिव. समितीने समन्याय साधला. उजवा त्यांना, डावा मला. गेले दहा महिने मी या गावाचा इतिहास डाव्या हाताने चाळतो आहे. अर्जुन दोन्ही हातांनी बाण सोडी म्हणून त्याला सव्यसाची म्हणत; मला काय म्हणायचे याचा विचार समिती करते आहे. सचिव उजवा मोजा स्कूटरवर वापरतात.

संग्रहालय म्हणजे दोन खोल्या आणि एक जिना. खोक्यांच्या कारखान्याची जुनी कचेरी. तू पगाराच्या रांगेत जिथे उभी राहायचीस, तिथे आता तिकिटाचे टेबल आहे. जागा दिली मालकांच्या नातवाने, म्हणून तो अध्यक्ष. (माझ्या शाळेच्या संस्थेचाही अध्यक्ष तोच, हे तुला ठाऊक आहे; माझ्या निवृत्तीला सहा वर्षे आहेत, हेही तू मोजलेच असशील.) माणूस वाईट नाही. माझ्या कंबरेसाठी त्याने घरून पाठ टेकायची खुर्ची आणून दिली. आजोबांवर त्याचा फार जीव आहे, एवढाच त्याचा दोष.

आम्ही गावाला आवाहन केले: जुन्या वस्तू द्या, आठवणी द्या. वस्तू पुष्कळ आल्या. बंद पडलेली सतरा घड्याळे, बावीस कुलपे, आणि एका दंतवैद्याची खुर्ची, जिच्यात बसायला तो दर शनिवारी येतो आणि जाताना माझ्या दाढांची चौकशी करतो. आठवणी मात्र कोणाच्या घरात शिल्लक नव्हत्या. तुझ्या होत्या. तू चार तास बोललीस. ते ध्वनिमुद्रण सुरक्षित आहे. इतके सुरक्षित, की ऐकायचे तर अध्यक्षांची लेखी परवानगी लागते. आणि तू ते तेविसावे कुलूप दिलेस.

त्या कुलपाची हकीकत तुला सांगणे म्हणजे कहरच, पण वस्तूच्या नोंदकार्डावर इतक्यांदा लिहिली की आता पाठ झाली आहे, आणि पाठ झालेले म्हणून दाखवल्याशिवाय आमच्या जातीच्या मास्तरांना चैन पडत नाही. कारखान्याचे मागचे दार. बायका पाळी संपायच्या आत सटकतात म्हणून ते बाहेरून लावलेले. आग. तू पुढच्या दाराने निघालीस, धाकटी आत्या मागे काम करत होती. बंबवाल्यांनी कोयंडा कापला, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या राखेत तुला ते सापडले: कापलेल्या कोयंड्याचा तुकडा पोटात धरून तसेच बंद. त्रेचाळीस वर्षे ते तुझ्या शिलाई मशीनच्या खणात होते. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आणि धाकटी आत्या परगावी गेली आहे असे मला दोन महिने सांगत होते.

आता पाटीचे पुराण. मागे एक तज्ज्ञ एका दिवसासाठी आले, आमच्याकडे जेवले आणि नियम सांगून गेले: माणूस एका कपाटापुढे नऊ सेकंद थांबतो, सबब पाटी चाळीस शब्दांच्या वर नको. मला गुदगुल्याच झाल्या. संस्कृत व्याकरणाची सूत्रे शिकवण्यात हयात गेली. चाळीस शब्द म्हणजे मला ऐसपैस माळरान. मी लिहिले:

‘खोक्यांच्या कारखान्याच्या मागच्या दाराचे कुलूप. पाळी संपण्याआधी बायकांनी बाहेर पडू नये म्हणून मालक हे दार बाहेरून लावून घेत. आगीच्या दिवशीही ते लावलेले होते. अकरा जणी आतच गेल्या. कोयंडा आगीच्या बंबवाल्यांनी कापला. कुलूप अजून बंद आहे. देणार: मृतांपैकी एकीची थोरली बहीण.’

मोजून चाळीस. पहिल्या बैठकीत सचिव म्हणाले, “‘मालक’ फार टोचतं हो. ‘व्यवस्थापन’ करा.” केले. मग व्यवस्थापनही टोचू लागले, तेव्हा ‘दार बंद ठेवण्यात येत असे’ झाले, म्हणजे दार वयात आल्यावर स्वतःहूनच बंद राहू लागले असावे. दुसऱ्या बैठकीत कोणी तरी विचारले, कोणी लावलं ते सांगायचं नाही, तर लावलं होतं हे तरी कशाला? बिनतोड. ती दोन्ही वाक्ये गेली. तिसऱ्या बैठकीत ‘अजून बंद आहे’ गेले, कारण बघणाऱ्याला डोळे असतात. आणि त्याच्या मागोमाग बंबवाले गेले, त्या दिवशी आले होते त्याहून लवकर. चौथ्या बैठकीत तू गेलीस. तुला पत्रकारांचा त्रास होऊ नये म्हणून. तुझी एवढी काळजी तुझ्या सख्ख्या भावानेही कधी केली नसेल. शेवटी सहा शब्द उरले: ‘कुलूप. लोखंडी. स्थानिक उद्योगाच्या वैभवशाली काळातील.’ कमीत कमी अक्षरांत जास्तीत जास्त अर्थ, इथवर आमचे पूर्वज पोचले होते. आम्ही अर्थाचाही पसारा आवरला. (मालकांच्या तसबिरीखाली दोनशे बारा शब्द आहेत. तसबीर कपाटात नसून भिंतीवर आहे, त्यामुळे तिला नियम लागत नाही.)

इतक्यावर थांबावे ना! परवा सचिवांना साक्षात्कार झाला की बाकीची बावीस कुलपे उघडी आहेत आणि हे एकच बंद. ओळीत बरे दिसत नाही. त्यांनी किल्लीवाल्याला बोलावले. पन्नाशीचा, बारीक, कानावर पेन्सिल. त्याने कुलूप तळहातावर घेतले, खिडकीशी नेले, कोयंड्याच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला.

“हे कुठलं म्हणायचं?”

“पाटीवर लिहिलंय,” मी म्हणालो.

त्याने सहा शब्द वाचले. नऊ सेकंदांहून बराच जास्त वेळ लागला.

“एवढंच?” तो म्हणाला. “हे तर दाराला लागलेलं असताना कापलंय. किल्ली शोधायला सवड नसणार. आत कोण होतं?”

“अहो, तुम्ही उघडा. इतिहासाचं आम्ही बघतो,” सचिव म्हणाले.

“उघडेन की. दोन मिनिटांचं काम. पण उघडलं की हे नुसतं कुलूप झालं, साहेब. मग माझ्या दुकानात काय आणि तुमच्याकडे काय.” त्याने अवजारे पिशवीत टाकली, आणि जाता जाता पुन्हा माझ्याकडेच वळून विचारले, “गुरुजी, आत कोण होतं?”

मी त्या वेळी टेबलाखाली पडलेली टाचणी शोधत होतो. पडलेली नव्हती, पण शोध फार कसून केला. वर आलो तेव्हा तो जिना उतरला होता आणि सचिव ‘अडाणी माणूस’ असे काहीसे पुटपुटत होते.

उद्‌घाटन येत्या रविवारी आहे. आमंत्रणपत्रिका सोबत आहे, कारण ती पाठवणे माझे कर्तव्य आहे. येऊ नकोस, असे सांगणेही माझे कर्तव्यच आहे. जिना उभा आहे, कठडा हलतो, भाषणे पाच आहेत आणि बसायला दंतवैद्याची खुर्ची. तुझ्या गुडघ्याला हे झेपायचे नाही. सर्वांना यथायोग्य.

तुझा,
भाचा

ता. क. तुझी छत्री आमच्याकडे राहिली आहे. तुझी भाचेसून ती वापरते आणि वापरत नाही असे सांगते.

आणखी ता. क. वस्तू देताना तू ज्या छापील अर्जावर सही केलीस, त्याच्या मागच्या बाजूला एक बारीक कलम आहे: मांडणी खुली होण्याआधी देणाऱ्याने लेखी मागितल्यास वस्तू परत करावी. तू दोन ओळी लिही. ‘कुलूप परत हवे आहे’, एवढे पुरे. कारण लिहू नकोस, कारणावर पुन्हा बैठक बसेल. आजच टाक, म्हणजे शनिवारपर्यंत पोचेल. मी कुलूप स्वतः घेऊन येईन. मशीनच्या खणात ते त्रेचाळीस वर्षे टिकले. आमच्या संग्रहालयात त्याला दहा महिने निघाले नाहीत.

शेवटचे ता. क. वर लिहिले आहे की शेवटी सहा शब्द उरले. तसे नाही. चौथी बैठक संपली तेव्हा पाटीवर नऊ शब्द होते: ‘खोक्यांच्या कारखान्याचे कुलूप. आगीत गेलेल्या अकरा कामगार स्त्रियांची आठवण.’ अध्यक्ष बराच वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, “असू द्या एवढं. खरं आहे ते.” मंजूर झाले होते, आत्या. मग मी घरी आलो, आणि मला वाटू लागले की तो मनातून दुखावला असेल, उद्या शाळेत काही तरी म्हणेल. त्याने काही म्हणायच्या आत मीच बसून ते सहा शब्द लिहिले आणि सकाळी नेऊन दिले. तो म्हणाला, “तुम्हाला योग्य वाटतं ना, गुरुजी?” मी हो म्हणालो. तुझ्या भाचेसुनेचे बोलणे त्या दिवसापासून कमी झाले आहे. धाकटी आत्या मला खांद्यावर बसवून फिरवायची, आणि तिला मी कोणीही न सांगता खोडले. पुढे आणखी काय काय असे आपणहून खोडीन, याची मला भीती वाटते.