निलगिरीखाली दोन चटया

अगं झिवा,

मी पुढे निघालो! आज स्वातंत्र्यदिन, अर्धं गाव शेगड्या घेऊन मांस भाजायला बागेत उतरणार. यंदा तळ्याकाठची निलगिरी आपलीच! मुरवलेलं मांस फ्रिजमध्ये आहे, तू घेऊन ये. कलिंगड विसरलीस तर तिथूनच परत पाठवीन.

चटया दोन नेतोय. एक आपली, एक निसीमच्या घरच्यांसाठी. हसू नकोस. गेल्या वर्षी शेगडीवरून भांडलो, तेव्हापासून माझ्या सख्ख्या भावाने आपला उंबरा ओलांडला नाही, कळतं मला. तूच फोन कर त्याला. माफीबिफी काढू नकोस. एवढंच म्हण, "शेगडीला वारा घालायचा पुठ्ठा तुझा दादा घरीच विसरला." मला शिव्या देत स्वतःचा पुठ्ठा घेऊन धावत येईल बघ!

पुठ्ठा दारामागे आहे. चुकूनही आणू नकोस.

ओवादिया