लाभ, नि, सान

प्रिय बाबा,

"परक्यांची म्हातारी उचलायला जपानला जातेस काय!" म्हणालात, तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

आज जपानीच्या वर्गात आजाऱ्याला उठवायचा सराव होता. इचि, नि, सान मोजायचं आणि उचलायचं. माझ्या तोंडून निघालं, "लाभ, नि, सान!" सगळी हसली. भात मोजताना तुम्ही पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणता, हे त्यांना कुठे ठाऊक!

तेव्हापासून नुसती इचि, इचि घोकतेय. जीभ वळली, पण जीव थाऱ्यावर नाही. सोमवारी विमान आहे. तिकडे गावी, पालीत तुमची कंबर धरली, तर उठवणार कोण?

पत्र टाकत नाही. वाचून तुम्ही 'राहा' म्हणालात, तर मी राहीन.

तुमचीच,
नमू